पाच विषारी झुडपं

सरकारी बागेतल्या माळीणबाईनं दगडी उतारावरची पाच झुडपं स्वतः कलमं करून जगवली होती. गुडघ्याच्या वर कधी न जाणारी, बारमाही हिरवी. वसंतात ती गुलाबी फुलांनी गच्च भरायची, मग लालभडक फळं धरायची. फळं विषारी, म्हणून शेजारी पाटी लावलेली.

तिचा नवरा छापखान्यात जुळारी होता, एकेक अक्षर जुळवण्यात त्याची उमर गेली. निवृत्तीनंतर त्याचं डोकं चालेना. गॅस पेटता ठेवून रस्त्यानं कुठंही चालत सुटायचा.

तिनं लेकीला विचारलं, "दुपारपर्यंत बाबांना सांभाळशील?"

"आई, माझी नोकरी जाईल गं."

मग ती त्याला बागेतच नेऊ लागली. बाकावर बसून तो रोज पाटी मोठ्यानं वाचायचा. "फळे खाउ नयेत. अगं, 'ऊ' दीर्घ हवा! कुठल्या गाढवानं रंगवलीय?"

"सांगते हो साहेबांना," ती हसायची. चूक त्याला अचूक दिसते, पण अर्थ आत पोचतच नाही, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

एका सकाळी ती नळाला पाइप जोडायला पलीकडे गेली. फार तर सात मिनिटं. परतली तर त्याची बोटं लाल, ओठ सुजलेले.

"तिखट आहेत गं," तो म्हणाला.

तिनं बोट घालून त्याचं तोंड साफ केलं, मिळेल त्या गाडीत घालून दवाखाना गाठला. तिसऱ्या दिवशी तो गेला.

दवाखान्याच्या जिन्यात लेक म्हणाली, "तू त्यांना तिथं नेलंसच कशाला?"

उत्तर तिच्या जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं. पोरीला ते जन्मभर टोचत राहिलं असतं.

साहेबांनी झुडपं काढायला माणसं धाडली. "मीच काढते," ती म्हणाली. "तुम्ही वरवर तोडाल, मुळं राहिली तर पुन्हा फुटतील."

दोन दिवस ती खणत होती. शेवटचं झुडूप उपटलं आणि ती तिथंच मातीत बसून मोठ्यानं रडली. आपण नवऱ्यासाठी रडतोय की झाडांसाठी, तिचं तिलाच कळेना, आणि त्याचीच तिला लाज वाटली.

पुढं तिला गुलाबाच्या वाफ्यांवर टाकलं. लेक रविवारी फोन करायची. तब्येत, गोळ्या, हवापाणी. बाबांचा विषय दोघींपैकी कुणीच काढत नसे.