क्लीनसरांची कात्री

क्लीनसरांच्या कॅमेऱ्याच्या बॅगेत लेन्सच्या शेजारी बागकामाची एक कात्री असायची. लाल मुठीची, चांगली धारदार. आमच्या कामशेतच्या हार्डवेअरच्या दुकानातली, माझ्याच हातून घेतलेली. "गुलाबांना पाहिजे," म्हणाले होते. कसले गुलाब न् कसलं काय! तळेगावात फ्लॅटमध्ये राहायचे, गॅलरीत साधी तुळससुद्धा नव्हती.

चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. "क्लीन पाहिजे!" हे शब्द तोंडात सदा असायचे, म्हणून हे नाव. दर रविवारी आम्ही चारपाच जण त्यांच्यामागे पक्ष्यांचे फोटो काढायला निघायचो. वाटेत हॉटेलात पोहे मागवले की सर कोथिंबीर, खोबरं चिमटीनं वेचून बशीच्या कडेला लावायचे आणि मगच पहिला घास घ्यायचे. तोवर आमचा चहासुद्धा पिऊन झालेला असायचा. फोटोही त्यांना तसाच लागायचा. पक्षी, त्याच्या पायाखालची फांदी आणि मागे गुळगुळीत हिरवा रंग. बाकी सगळा कचरा.

मला हा माणूस आवडत नव्हता. आजही आवडत नाही, आणि गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं हे मला कुणी शिकवू नये. मी काढलेला पहिला फोटो बघून चारचौघांत म्हणाले होते, "तांबोळी, हा पक्ष्याचा फोटो आहे की पालापाचोळ्याचा?" सगळे हसले. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! तरी पुढच्या रविवारी दुकान बंद ठेवून मी त्यांच्यामागे रानात हजर. करणार काय? इवल्याशा पक्ष्याला आपला विसर पडेपर्यंत दगडासारखं बसायचं कसं, हे आमच्यात त्यांनाच येत होतं. "डोळा बघ, तांबोळी. डोळा जिवंत नसेल तर पक्षी मेलेला." हे मी त्यांच्याकडूनच शिकलो, आणि त्याचाच मला जास्त राग आहे.

दुपारी त्यांच्या घरी कॉम्प्युटरवर फोटोंची साफसफाई चालायची. आडवी आलेली काडी पूस, पान पूस, उन्हाचा कवडसा पूस. एकदा या नादात शिंपी पक्ष्याचा एक पायच पुसून टाकला, काडी समजून! तो फोटो फ्रेम होऊन प्रदर्शनात लागला. मी हळूच कानात सांगितलं, तर उलट माझ्यावरच डाफरले, "पक्षी एका पायावर उभे राहतात. वाचत जा जरा." बिचारा शिंपी अख्खं प्रदर्शन एका पायावर उभा होता.

इथवर हसण्यावारी नेता आलं असतं. पण मग औंढे गावातलं ते घरटं आलं.

ओढ्याकाठच्या जांभळावर, खालच्याच फांदीत, स्वर्गीय नर्तकानं घरटं केलं होतं. वाटीएवढं घरटं, त्यात पिल्लं, आणि पांढऱ्या फितीसारखी लांब शेपटी मिरवत चारा आणणारा बाप. जागा हिरामावशींच्या शेतातली. त्यांनीच आम्हाला दाखवलं आणि बजावलं, "लांबून काय ते बगा. हात लावायचा न्हाई." मी त्यांना शब्द दिला. सरांनीही मान डोलावली.

रविवारी मी पोचलो तर सर आधीच येऊन बसलेले. झाडाखाली ताज्या हिरव्या डहाळ्यांचा सडा. घरटं उघडंवाघडं, आणि मे महिन्याचं ऊन थेट पिल्लांच्या अंगावर.

"बघ," सर खुशीत म्हणाले, "आता कसं क्लीन दिसतंय!"

मी पुढं धावलो. त्याच डहाळ्या उचलल्या आणि बॅगेतल्या सुतळीनं घरट्यावर बांधल्या. सर ओरडत होते, "फ्रेम घालवलीस माझी!" पण तोडलेली पानं उन्हात किती तग धरणार? दुपारपर्यंत ती सुकून गोळा झाली. दुसऱ्या दिवशी दोघं गेलो, तर घरटं रिकामं आणि वरच्या फांदीवर डोमकावळा.

हिरामावशी बांधावर उभ्या होत्या. "पिल्लं कुटं गेली, भाऊ? तुमी फोटू काडाया आलता का त्यांचं छप्पर काडाया?"

"निसर्गाचा नियम आहे, मावशी," सर म्हणाले.

"नियम?" मी म्हणालो, "ती कात्री निसर्गानं चालवली का हो?" आणखीही बरंच बोललो, ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर मी त्यांच्याबरोबर गेलो नाही. मी पोचण्याआधीच त्यांनी काढलेल्या औंढ्याच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी त्याच्या स्वच्छ पार्श्वभूमीचं कौतुक केलं म्हणे. करा.

गेल्या वर्षी सर गेले. घरच्यांना भेटायला गेलो, तर तोच फोटो मोठा करून भिंतीवर लावलेला, आ वासलेल्या पिल्लांसकट. मुलगा म्हणाला, "बाबा तुमचं नाव काढायचे. त्यांची आठवण म्हणून काहीतरी न्याच." समोर भारी भारी लेन्स मांडून ठेवल्या होत्या. मी कात्री उचलली. तो बघतच राहिला.

दुकानात आल्या आल्या तिचा नट सैल केला, पाती वेगळी केली आणि भंगारात टाकली. वाटलं, सुटलो एकदाचा.

पण कुठलं काय! रविवारी फोटो कॉम्प्युटरवर उघडतो. नर्तकाच्या छातीवर जांभळाचं एक पान आडवं आलेलं असतं. हात आपोआप तिकडे वळतो आणि मागून खणखणीत आवाज येतो, "तांबोळी, ते पान काढ."

"नाही काढणार, सर. त्याचं घर आहे ते."