टास्मानियाला निघालेला माझा भाऊ

मोरेश्वर गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. सकाळचे साडेआठ झाले असतील. फोन त्याच्या बायकोचा, नंदाचा. "ताई, हे उठत नाहीयेत. डॉक्टर येऊन गेले..." एवढंच बोलली. मी म्हणाले, "आलेच." फोन ठेवला आणि बादलीत उरलेले कपडे वाळत घातले. दोन परकर, एक टॉवेल, एक चादर. चादरीची टोकं जुळवली, चिमटे लावले, मग साडी बदलली. सख्खा भाऊ गेल्यावर मी चादरीची टोकं जुळवत बसले याची आज दीड महिन्याने लाज वाटते. तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. खरं सांगू का, अजूनही फारसं काही वाटत नाही. भेटायला येणाऱ्या बायका म्हणतात, रडून घ्या, मोकळ्या व्हा. रडू आलं तर रडेन ना बाई! येतच नाही त्याला मी काय करू?

आमचं गाव गव्हाण. आईबाप मिठागरावर कामाला. मोरेश्वर माझा पाठचा भाऊ. मी पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले, तो जासईच्या कंटेनर यार्डात मेकॅनिक. परदेशातून फळं, मासे भरलेले थंड कंटेनर येतात, त्यांची थंडावा राखणारी यंत्रं बंद पडू द्यायची नाहीत, हे त्याचं काम. एप्रिलच्या उन्हात हा माणूस जाड जॅकेट घालून कंटेनरच्या आत. एकदा अशाच एका कंटेनरमधून सफरचंदं आली. खोक्यावर नाव होतं टास्मानिया. घरी येऊन त्याने मुलीचा नकाशा काढला आणि ऑस्ट्रेलियाच्या तळाशी ते बेट शोधून त्यावर बोट ठेवून बसला. मला फोन केला, "बाय, तू भूगोल शिकवतंस ना? मंग ह्या मुलखाविषयी काय सांग की." आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाय म्हणतात. मला त्या बेटाबद्दल शष्प माहीत नव्हतं. थंडी असते म्हणाले. "थंडीचं मना नको सांगू," म्हणाला, "मी थंडीतच खपतंय."

तिथून जे सुरू झालं ते काही विचारू नका. माणसं मुंबईहून पनवेलला येण्याची स्वप्नं बघतात, हा पनवेलहून टास्मानियाला निघाला होता. तिकडे लोक संध्याकाळी सहाला जेवतात असं कुणीतरी सांगितलं, तर याच्या घरी सहाला ताटं. नंदा बिचारी पाच वाजता भाकऱ्या थापायला बसायची आणि नऊला पुन्हा सगळ्यांना भूक लागायची. इंग्रजीचा क्लास लावला. यार्डातल्या ड्रायव्हरांना "गुड मॉर्निंग" घालून हैराण केलं. नंदाने एकदा सुकटीची चटणी केली तर म्हणतो, तिकडं खिडकी उघडायला लागंल, शेजारी वासाची तक्रार करतील. नंदा म्हणाली, "मग तिकडच्या शेजाऱ्यांना आत्ताच सांगून ठेवा, ही बाई सुकट सोडणार नाही म्हणावं." तोच सगळ्यात जास्त हसला आणि दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

मी त्याला टोचायचे. काय कमी आहे रे तुला इथे? घर आहे, नोकरी आहे, माणसं आहेत. एकदा गावाच्या जत्रेला गेलो होतो, परत येताना त्याने उलव्याच्या बाजूला स्कूटर थांबवली. समोर उभे राहणारे टॉवर, मधून ट्रेलरची रांग, पलीकडे बंदराचे दिवे. तो म्हणाला, "आय मीठ वढायची ती जागा दाखव बरं मना." मी हात केला, पण कुठे ते मलाच कळेना. तो म्हणाला, "आपुन कुटं गेलो नाय बाय, तरी ह्यो मुलूख आपला ऱ्हायला नाय. दुकानात गेलो तर मीच हिंदीत बोलतंय. मंग परक्याच मुलखात ऱ्हायचं तर आपल्या मर्जीनं जाऊन ऱ्हाऊ की." शिक्षिकेला उत्तर सुचलं नाही की ती चिडते. मी म्हणाले, "चल आता, उशीर होतोय."

पंधराएक वर्षांपूर्वी संधी खरंच आली. टास्मानियातल्या एका शीतगृहाला मेकॅनिक हवे होते, बायकामुलांसकट बोलावत होते. मोरेश्वरचं काम त्यांनी पाहिलं, इंग्रजीची तोंडी परीक्षा झाली, पास झाला. पेढे नाही वाटले त्याने, सफरचंदं वाटली. अट एकच होती, वय पंचेचाळीसच्या आत हवं. मोरेश्वर त्रेचाळीसचा होता. कागदावर मात्र पंचेचाळीस पूर्ण होऊन तीन महिने झाले होते.

हे कसं झालं ते मला जेवढं माहीत आहे तेवढं कुणालाच माहीत नव्हतं, असं मी समजत होते. आमच्या वेळी खेड्यात जन्मतारीख कुणाकडे असायची? पोराने डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरला की ते सहा वर्षांचं झालं, असं गुरुजी मानायचे आणि तारीख लिहायचे एक जून. अर्धा तालुका एक जूनला जन्मलेला आहे. मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि घरी बसून होते, कारण आई मिठागरावर जायची आणि मोरेश्वरला सांभाळायला मी. तो चार वर्षांचा. मला शाळेत जायचं होतं. इतकं जायचं होतं की मैत्रिणींच्या पाट्या मी त्यांच्याकडून मागून पुसून द्यायचे. आई म्हणाली, त्याला कोन बघील? मग माझ्या डोक्यात आलं, हाही शाळेत आला तर? आठ दिवस रोज दुपारी मी त्याला भिंतीला टेकून उभा करायचे आणि त्याचा हात डोक्यावरून ओढायचे. तो रडायचा. मी त्याला गूळ द्यायचे आणि पुन्हा ओढायचे. नवव्या दिवशी मान तिरकी करून का होईना, त्याने कान धरला. गुरुजींनी त्याला सहा वर्षांचा लिहिला. मी पहिलीला फार मोठी दिसत होते म्हणून मला सात वर्षांची लिहिली. माझी दोन वर्षं गेली, त्याला दोन वर्षं चिकटली. एकाच पानावर, एकाखाली एक नोंद. मी शिकले, नोकरीला लागले. पोराला वर्गात झोप यायची, तो दोनदा नापास झाला.

तर त्या वेळी वकिलाने सांगितलं, जन्माची नोंद कुठे मिळत नाहीये, तेव्हा शाळेचं जुनं रजिस्टर काढू आणि दाखल करताना हजर असलेल्या माणसाचं प्रतिज्ञापत्र जोडू. आईबाप गेले होते, गुरुजी गेले होते. हजर असलेलं जिवंत माणूस एकच, मी. मोरेश्वर एका रविवारी दुपारी माझ्याकडे आला. चहा घेतला. वकील काय म्हणाला ते सांगितलं. मग खाली बघत म्हणाला, "पन बाय, ते पान उघडलं तर तुजीबी तारीख दिसंल ना?"

दिसली असती. कुणी तक्रार केली असती तर माझी नोकरी दोन वर्षं आधी संपली असती, चौकशी लागली असती, किंवा यातलं काहीच झालं नसतं. मला आजही सांगता येत नाही. मी एवढंच म्हणायला हवं होतं की उघडू दे पान, मी येते तुझ्याबरोबर. मी कप उचलून आत नेले, विसळले, पालथे घातले. बाहेर आले तर तो चपला घालत होता. "ऱ्हाऊ दे," म्हणाला. "नंदाचंबी मन नाय तिकडं." हे खोटं होतं. नंदाने स्वेटर विणायला घेतले होते.

त्यानंतर तो टास्मानियाबद्दल कधी बोलला नाही. घरातली जेवणं पुन्हा नऊला होऊ लागली. मला काही कमी केलं नाही त्याने. भाऊबीजेला यायचा, माझ्या निवृत्तीच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसला, सगळ्यांआधी टाळ्या वाजवल्या. मी भाषणात सगळ्यांचे आभार मानले... शिपायाचेसुद्धा मानले. त्याचं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर पुढे काय बोलायचं होतं?

स्मशानात नोंद करणाऱ्या माणसाने वय विचारलं. नंदाने आधार कार्ड पुढे केलं. त्याने साठ लिहिलं. अठ्ठावन्न, असं माझ्या तोंडात आलं होतं. पावतीची घडी करून मी पर्समध्ये ठेवली.

गेल्या आठवड्यात विम्याचे कागद शोधायला नंदाने मला बोलावलं. त्याचं कपाट मला वाटलं होतं त्याहून नीटनेटकं निघालं. एका निळ्या फाइलमध्ये तळाशी एक स्टॅम्पपेपर होता, टाइप केलेला, कडेने पिवळा पडलेला. माझ्या नावाचं प्रतिज्ञापत्र. वकिली भाषेत लिहिलं होतं की माझा भाऊ वयाने लहान असतानाही, मला शाळेत जाता यावे म्हणून, त्यास माझ्यासोबत दाखल करण्यात आले. मी ती ओळ चारदा वाचली. वकिलाला हे कुणी सांगितलं असणार? चार वर्षांचा होता तो. सगळं आठवत होतं त्याला, आणि मला कधी कळू दिलं नाही.

"हे कधी केलं होतं गं?" मी नंदाला विचारलं.

"ते नाही का, तुमच्याकडे आले होते एका रविवारी," ती म्हणाली. "हेच तर घेऊन आले होते. पिशवीत होतं. आल्यावर म्हणाले, बायला विचारायचं राहूनच गेलं."

खाली सहीच्या जागी त्याने पेन्सिलने बारीक फुली केली होती. मी पर्समधून पेन काढलं. नंदा म्हणाली, "आता कशाला ताई?" खरंच, आता कशाला... पण मी सही केली. मग कागदाच्या वरच्या ओळींकडे गेले. सगळा मजकूर टाइप केलेला होता, माझं नाव, गाव, शाळा. फक्त माझ्या वयाची जागा त्याने मोकळी ठेवायला सांगितली होती. खरं घालायचं की कागदावरचं, ते मी ठरवावं म्हणून.

कागदावर मी एकसष्टची आहे. मी तिथे त्रेसष्ट लिहिलं.