अक्काच्या शिव्या

अक्का ज्याला ‘तुम्ही’ म्हणाली, त्याचे तिच्याशी नाते संपले, असे आमच्या गल्लीत समजत. जावयाला, मास्तरला, नगरपालिकेच्या मेंबरलासुद्धा ती ‘तू’च म्हणायची आणि वर एक शिवी द्यायची. एकदा दूधवाल्याला ती म्हणाली, “तुम्ही उद्यापासून येऊ नका.” तो रडकुंडीला आला. दुसऱ्या दिवसापासून दुधातले पाणी कमी झाले आणि त्याला त्याची शिवी परत मिळाली.

मागच्या महिन्यात अक्का सुरतेला लेकाकडे राहायला गेली. तिच्या घराला कुलूप आहे. मी ओट्यावर बसले की ते समोरच दिसते.

आमची गल्ली म्हणजे समोरासमोर घरांच्या दोन ओळी आणि शेवटी नाला. मी यावलकडून लग्न होऊन इथे आले तेव्हा कोणाशीच बोलत नसे. शाळा चौथीपर्यंत, आणि स्वभावही तसाच. अक्काने समोरून आठवडाभर पाहिले आणि एका सकाळी ओरडली, “ए मुकी, तोंडमा बोर शे का?” तेव्हापासून सगळ्या गल्लीची मी मुकी.

पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तर मी रडलेच. आखाजीला माहेरवाशिणी येतात, लिंबाला झोके बांधतात हे माझ्या माहेरीही होते. पण इथे दुपारी दोन्ही ओळींच्या बायका आपापल्या ओट्यांवर उभ्या राहून समोरच्या ओळीला गाण्यांतून शिव्या देतात. समोरच्या ओळीची पुढारी अक्का. तिने माझ्या रंगापासून माझ्या माहेरच्या म्हशीपर्यंत काही सोडले नाही. मी आत जाऊन डोळ्याला पदर लावला. संध्याकाळी ती ताटात सांजोऱ्या घेऊन आली आणि म्हणाली, “येडी, रडस काय? आज तू आमनी व्हयनी.” मी त्यांची झाले म्हणे. पुढे तिनेच मला शिव्या शिकवल्या. मला त्या पाठ झाल्या, पण मोठ्याने कधी देता आल्या नाहीत.

गेल्या श्रावणात नगरपालिकेच्या फळ्यावर प्रभागांचा नवा नकाशा लागला. हद्दीची रेघ आमच्या गल्लीच्या बरोबर मधून गेली होती. आमची ओळ जुन्याच प्रभागात, समोरची हायवेपलीकडच्या. पुरुष म्हणाले, मत कुठेही द्यायचे, काय फरक पडतो? अक्काला फरक कळत होता. नाल्याचे पाणी घरात शिरले की आम्ही दोन्ही ओळींच्या बायका मिळून मेंबरच्या दारात जाऊन बसायचो. सगळ्या गल्लीची मते म्हटल्यावर तो हलायचा. अक्का म्हणाली, “अर्धी गल्लीनं कोन आयकस?”

तिने चौकशी केली. हरकत लेखी द्यावी लागते, ठरलेल्या तारखेच्या आत, आणि मग सुनावणीला बोलावतात. ती माझ्याकडे आली. “बोलता येत नही ना तुले? मंग लिख.”

आयुष्यात पहिल्यांदा मी पत्रापेक्षा मोठे काही लिहिले. तुंबलेली गटार, बंद दिवे, नळाची वेळ, बायका सांगत गेल्या तसे सगळे घातले. नगरपालिकेतल्या क्लार्कने वाचून परत दिले. “ताई, इथे फक्त हद्दीचे लिहा. रेघ कुठून हवी ते सांगा, आणि का ते.” मी पुन्हा लिहिले. गल्लीच्या मधून नको, नाल्यावरून न्यावी, वस्ती एक आहे. दोन्ही ओळींच्या सह्या आणि अंगठे घेतले. पोचेचा शिक्का बसला तेव्हा अक्काने क्लार्कला लाडाने एक शिवी दिली. तो दचकला.

सुनावणीला हॉल भरलेला. सुनावणी घेणारे साहेब चांगले होते, आवाज चढवत नव्हते. म्हणाले, “आजी, हद्द रस्त्यावरून घेता येते, आणि गल्ली हा रस्ताच आहे. पण शक्यतो वस्ती तुटू नये असेही आहे. तुमच्या दोन्ही ओळी एकच वस्ती आहेत, हे कशावरून?”

कागदात त्याचा पुरावा नव्हता. अक्का हसली. तिला हे सगळ्यांत सोपे वाटले. “साहेब, आखाजीले आम्ही समोरासमोर उभ्या ऱ्हातस नि एकमेकीसले शिव्या देतस. दरसाल!”

हॉल हसला. हायवेपलीकडून निवडणुकीला उभा राहू पाहणारा एक जण लगेच उठला. “बघा साहेब, या दोन ओळींचे पहिल्यापासूनच पटत नाही. रेघ आहे तीच बरोबर आहे.”

अक्का पुढे सरसावली. “साहेब, परकासले कोनी शिव्या देस का?”

साहेबांनी मान हलवली, काहीतरी लिहिले. पुढच्याचे नाव पुकारले गेले.

शेवटचा नकाशा लागला तेव्हा रेघ तिथेच होती. पुढे कोर्ट आहे म्हणाले. आमच्यातले कोर्टात कोण जाणार?

थंडीत मतदान झाले. समोरच्या म्हाताऱ्या हायवे ओलांडायला घाबरून घरीच राहिल्या. अक्का गेली. मग आमच्या बाजूची गटार उपसली, त्यांची तशीच राहिली, आणि आमचा गाळ त्यांच्या दाराशी पडला. भांडणे झाली असती तर बरे झाले असते. त्याऐवजी आमच्याकडच्या बायका त्यांना म्हणू लागल्या, “तुमच्याकडचे तुमच्या मेंबरला सांगा.”

यंदा आखाजीला मी ओटा झाडून वाट पाहत बसले. अक्का एकटीच बाहेर आली, कमरेला पदर खोचून आमच्या सगळ्या ओळीला तिने सुरुवातीची शिवी घातली. आमच्याकडून कोणी गायले नाही. शेजारीण म्हणाली, “अक्का, उन्हात उभ्या राहू नका. तुम्हाला त्रास होईल.”

अक्का आत गेली.

संध्याकाळी मी सांजोऱ्यांचे ताट घेऊन तिच्या दारात गेले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “या. बसा.”

मी बसले नाही. दारातूनच म्हणाले, “ए अक्का, तोंडमा बोर शे का?”

आता तिने माझ्याकडे पाहिले. म्हणाली, “इतलासा आवाज, मुकी?” आणि ताट माझ्या हातातून घेतले. “इतला बी चाली जाई. आते गल्लीबी अर्धीच शे.”