लाल ठिपका

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मला एका माणसाने कानाखाली मारली, तीही माझ्याच शेतात, माझ्याच माणसांसमोर. भरलेल्या रायफलचं तोंड क्षणभर माझ्या सालदाराकडे वळलं होतं, एवढंच कारण. दुसऱ्या कुणी हात उगारला असता तर मी तो मोडला असता. साकोलीच्या बाजारात माझा राग सगळ्यांना ठाऊक आहे. पण मारणारे मोजणीवाले भाऊ होते. मारून झाल्यावर शांतपणे म्हणाले, "आता ध्यानात राहीन." राहिलं.

भाऊंची सगळी नोकरी जमीन मोजण्याच्या खात्यात गेली. साखळी ओढत आणि दुर्बिणीतून बघत त्यांनी कितीतरी गावांच्या हद्दी पक्क्या केल्या आणि त्यापायी मारही खाल्ला. एकदा धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात दोन सख्खे भाऊ एकमेकांवर कुऱ्हाडी घेऊन धावले. हे मध्ये पडले आणि कुऱ्हाडीचा दांडा यांच्या उजव्या खांद्यावर बसला. खांद्याचं हाड चुकीचं जुळलं. त्याआधी ते वनखात्याची परवानगी घेऊन पिकातली रानडुकरं मारायचे, एका डुकराला एकच गोळी. नंतर रायफलचा धक्का खांदा सोसेना. त्यांनी बंदूक जमा केली आणि दुसऱ्यांच्या रायफलींवर दुर्बीण, म्हणजे स्कोप, बसवून द्यायला लागले. सिहोऱ्यापासून साकोलीपर्यंत ज्याच्याकडे परवाना, तो करडी गावात त्यांच्या ओसरीवर यायचा. भाऊ कुणाकडून काही घेत नसत. "भाऊनं बसवली ते हालत नाई" हे लोकांच्या तोंडून ऐकायला मात्र त्यांना फार आवडायचं. त्यांची सगळी कमाई तेवढीच होती.

मी त्यांच्याकडे गेलो तो रक्तबंबाळ होऊन. रक्त माझं नव्हतं. धान निसवलं होतं, सकाळी पाणी बघायला गेलेल्या श्रावणला, माझ्या सालदाराला, धानाच्या बांधीतून उठलेल्या डुकराने गाठलं. मांडी पोतं उसवावं तशी उसवली. मी त्याच्याच दुपट्ट्याने ती आवळली, ट्रॅक्टरवर टाकून दवाखान्यात पोचवला आणि तसाच भाऊंच्या दारात उभा राहिलो. "भाऊ, मले बंदूक पायजे. एकेकाले फाडतो."

"पहिले हात धू," ते म्हणाले. "रागानं परवाना भेटत नाई, अर्ज लिहा लागते."

परवाना मिळाला, रायफल आली, आणि आम्ही स्कोप घ्यायला नागपूरला गेलो. इथे माझा स्वभाव आडवा आला. मी सायकलवर बारदाना विकत मोठा झालेला माणूस. आज शेती-अवजारांचं दुकान आहे, पण समोरच्याने सांगितलेला भाव ऐकला की माझ्या अंगात अजूनही काहीतरी चढतं. भाऊंनी एक आखूड, साधा, कमी ताकदीचा स्कोप निवडला. मी घासाघीस सुरू केली. आवाज चढले, मी दोनदा पायऱ्या उतरलो. शेवटी दुकानदार वैतागला आणि त्याच भावात हातभर लांबीचा, चोवीस पट मोठं दाखवणारा स्कोप त्याने माझ्यापुढे आदळला. मी झडप घातली.

"शेठ," भाऊ म्हणाले, "आपल्याले काय चंद्र पाहाचा हाये? डुक्कर पन्नास पावलावर निंघते. यातून तुले त्याचा एक केस दिसन."

"फुकटात मोठा भेटून राहिला, भाऊ."

"लेका, मोठा भेटून राहिला म्हणून आणखी एक बायको करशीन काय?"

परतीच्या बसमध्ये ते साकोलीपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले.

बसवताना मात्र त्यांनी कसर ठेवली नाही. आंब्याच्या फांदीला ओळंबा टांगला. रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवली आणि स्कोपमधली उभी रेघ ओळंब्याच्या दोरीशी जुळेपर्यंत तो केसाकेसाने फिरवत बसले. "रेघ तिरपी, त गोळी तिरपी." मग बोल्ट काढून नळीतून बोडीच्या, म्हणजे शेतातल्या तळ्याच्या, पाळीवरचा चुन्याचा पट्टा पाहिला आणि स्कोपची फुली त्याच पट्ट्यावर आणली. मग पन्नास पावलांवरून तीन गोळ्या. पहिल्याच गोळीला मी उतावळेपणाने डोळा काचेला टेकवला. धक्क्याने स्कोपची कडा भुवईत घुसली आणि रक्ताने डोळा बंद झाला. "चार बोटं दूर," भाऊ म्हणाले, "काच काय तुही सासू हाये, तिले चिकटाले?" मी रक्त पुसत दुसरी झाडली. प्रत्येक गोळीनंतर ते स्कोपवरची चाकी दोन-चार टिचक्या फिरवत. तिसरी गोळी चुन्याच्या मधोमध बसली.

मग त्यांनी खिशातून नेलपॉलिशची बाटली काढली. ती वहिनींची. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली होती, बाटलीत थेंब थेंब थिनर घालून भाऊंनी ती जिवंत ठेवली होती. प्रत्येक स्क्रूवर अर्धा डोक्यावर आणि अर्धा स्कोप धरणाऱ्या कडीवर पडेल असा एक लाल ठिपका. स्क्रू केसभर सरकला तरी ठिपका तुटतो. "हा हद्दीचा दगड हाये," ते बजावून म्हणाले. "रातून दगड सरकवणारे मी लय पाह्यले. त्याच्यापायी खून होते. याले हात लावशीन त पहिले मले सांगशीन."

मी लावला.

भाऊंचं म्हणणं मला पटलं होतं; तो स्कोप खरंच कामाचा नव्हता. पण ते त्यांच्यासमोर कबूल करायला जीभ रेटेना. गुपचूप स्कोप खोलला, नागपूरला नेला, बदलून मागितला. दुकानदाराने हाकलून दिलं. आमची गचांडी धरण्यापर्यंत मजल गेली. तोच स्कोप घेऊन परत आलो, स्वतःच बसवला, दात-ओठ खात स्क्रू आवळले. ठिपके तुटले होते. बायकोच्या टेबलावरून बाटली घेतली आणि मोडलेल्या प्रत्येक ठिपक्यावर नवा ठिपका दिला. गोळी झाडून पाहिली नाही. आवाज भाऊंच्या ओसरीपर्यंत गेला असता.

डुक्कर मारायच्या परवानगीच्या दिवशी ऊन नुकतंच वर आलं होतं. वनरक्षक पाळीवर थांबला, मी आणि भाऊ धुऱ्यावर. भाऊंनी सवयीने स्कोपकडे नजर टाकली, ठिपके जागेवर दिसले, मान हलवली. त्यांच्या हातात फक्त काठी. हाकेकऱ्यांनी डबे वाजवले आणि धान फाडत एकला, दांडगा डुक्कर निघाला. मी फुली खांद्यामागे धरली आणि चाप ओढला.

गोळी खांद्यात जायची ती जबड्यात गेली. खालचा जबडा लोंबकळला, तो किंचाळला आणि सरळ आमच्यावर आला. मी पुन्हा स्कोपमध्ये पाहिलं तर आत नुसते काळे केस. चोवीस पट मोठे केस. भाऊंनी मला बांधीत ढकललं आणि काठी आडवी धरली. काठी काडीसारखी मोडली. जबडा फुटलेला, तरी वरच्या सुळ्याने त्याने भाऊंची पोटरी हाडापर्यंत उघडली आणि ते पडल्यावर पुन्हा वळला. मी चिखलातून उठून नळीच त्याच्या कानामागे टेकवली आणि चाप ओढला. स्कोपमध्ये पाहिलं नाही. डुक्कर भाऊंच्या अंगावर कोसळला, तो मी, वनरक्षक आणि एका हाकेकऱ्याने ओढून काढला. चिखल लाल झाला होता. भाऊ शुद्धीवर होते. ते जखमेकडे बघत नव्हते, शेजारी पडलेल्या माझ्या रायफलकडे बघत होते.

वनरक्षकाने विचारलं, पहिली गोळी चुकली कशी? मी तोंड उघडणार तेवढ्यात भाऊ पडल्या पडल्याच म्हणाले, "स्कोप म्या बसवला. हुकला माह्या हातून. लिही." त्याने लिहिलं. भाऊंनी कागदावर उमटलेल्या आपल्या चिखलाळ अंगठ्याच्या ठशाशेजारी सही केली.

दवाखान्यात मी सगळं बोलायच्या तयारीने गेलो. दुकानात भाव करायला जातो तसा मनात दहादा मांडून. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. "रंग गुलाबी होता," म्हणाले. "तुह्या भाभीचा लाल होता. पडल्या पडल्या दिसला."

"मंग काहून खोटं सांगितलं, भाऊ?"

"तुहा परवाना गेला असता. डुकरं काय परवाना पाहून येतेत? श्रावणची दुसरी मांडी कोण वाचवीन?" मग डोळे मिटून, "आन् तू भाव करशीन हे मले मालूम होतं. म्हणून बोलूच नाई देल्लं."

"मी जाऊन सांगतो खरं."

"सही झाली. नकाशा पास झाला. गप बस."

मी गप्प बसलो, आणि याचाच राग मला आजही आहे. त्यांच्या सहीमागे मी आरामात लपलो. भाऊ लंगडत घरी आले. पण ओसरीवर रायफली येणं थांबलं. "मोजणीवाल्याचा नेम गेला" हे वाक्य चहाच्या टपऱ्यांवर फिरलं. ते रोज ओळंबा पुसून टांगून ठेवत. कुणी आलं नाही. एकटा मी जायचो, आणि मला बघून ते म्हणत, "काय शेठ, पाहाले भेटला काय चंद्र?"

ते गेले. तेरवीला अंगणात पंगत बसली होती. मी पानावरून उठलो आणि साऱ्या गावासमोर मोठ्याने सांगितलं. स्क्रू मी खोलले, ठिपके मी रंगवले, भाऊंचा हात हुकला नव्हता, हुकलो मी. माझा आवाज फाटला होता. एका म्हाताऱ्याने डोळे पुसले, बाजूच्याला म्हणाला, "पाह्य, शेठचं मन केवढं मोठं. मेल्या माणसाचा दोष आपल्या अंगावर घेऊन राहिला."

मी ओरडलो, शपथा घेतल्या, पत्रावळ लाथेने उडवली. लोकांनी मला धरून बसवलं. कुणीतरी पाठीवरून हात फिरवला. "बस झालं, शेठ, जेवा आता. भाऊचा तुमच्यावर लय जीव होता."