बंदराच्या माळावरची पापं

आमच्या गावात खोटं बोलायची मुभा एकाच बाईला होती, ती म्हणजे फ्लोरा अष्टमकर. हे नाव गावाच्या जिभेला कधी पेललं नाही, म्हणून सगळे तिला फुलाबाई म्हणत. इस्रायलहून पत्र आलं की पोस्टमनसुद्धा दारातून "फुलाबाय, पत्र!" अशीच हाळी देई. एकदा जनगणनेला आलेल्या मास्तरला तिनं घरात दोन माणसं सांगितली, एक आपण आणि दुसरा तेलाच्या घाण्याचा बैल. मास्तरनं वैतागून बैलाचं वय विचारलं तर म्हणाली, "त्यालाच विचारा. फकस्त शनवारी नको, त्याची सुट्टी असते." अशा बाईचं खोटं कोण मनावर घेणार? एकदाच ते सगळ्या गावानं मनावर घेतलं, त्याची ही हकिगत आहे.

रोह्याच्या खाली, कुंडलिकेचं पाणी जिथं खारट होतं, तिथं आमचं गाव. वरची आळी आमची, भात आणि वाल पिकवणाऱ्यांची. खाडीकडची कोळ्यांची. मधली आळी एके काळी पुरी यहुद्यांची होती. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून जुनी माणसं त्यांना शनवार तेली म्हणत. एकेक करून सगळी घरं इस्रायलला गेली. फुलाबाईचा नवरा एलियास इथल्याच मातीत गेला आणि मुलगा जेकब तिकडं अश्दोदला नोकरीला लागला. तो दर पत्रात 'आई, आता ये, इथं घरासमोर समुद्र आहे' असं लिहायचा. ही वाचून घडी घालायची आणि म्हणायची, "असेल समुद्र. पन तो माझ्या ओळखीचा नाय."

तिच्या ओळखीचं पाणी बंदराच्या माळापाशी होतं. पूर्वी इथं मचवे लागत आणि भात, मीठ भरून मुंबईला जात. पुढं रस्ता झाला, मचवे संपले, आणि दगडी धक्का व त्यामागचा भला मोठा मोकळा माळ तेवढा राहिला. तिथं कोळणी सुकट घालत, फुलाबाई खोबरं वाळवी, आमच्या बायका पोह्याचे पापड घालत आणि पोरं मधल्या जागेत क्रिकेट खेळत. चेंडू पापडांवर पडला की तिन्ही आळ्यांचं भांडण एकदम होऊन जाई, पुन्हा वेगळं करावं लागत नसे. गणपती इथूनच पाण्यात जात. मी तेव्हा धाटावला केमिकल कंपनीत शिफ्टला होतो. सुटलो की नाकातला तो वास जाईपर्यंत माळावर बसायचो आणि मगच घरी जायचो.

पण मोकळी जागा दिसली की काही लोकांच्या हाताला खाज सुटते. आमच्या हैबतरावाच्या हाताला ती जन्मजातच होती. गावचा पुढारी तो. जीपसमोरून मांजर गेलं तर जीप मागं घेणारा, आणि गावाची जमीन पुढं दिसली तर अजिबात मागं न हटणारा. त्यानं पेणहून एक शेट आणला. माळावर रिसॉर्ट व्हायचं ठरलं. लॉन, खोल्या, भोवती भिंत, भिंतीला फाटक, आणि आत पोहायचा तलाव. ऐन खाडीच्या काठावर पोहायचा तलाव! मग गावानं बसायचं कुठं, असं आम्ही विचारलं तर हैबतराव म्हणाला, "आत येऊन बसा की. तिकिटात गावाला सवलत हाय."

आम्ही तालुक्याला खेपा घातल्या. दर वेळी साहेब मीटिंगमध्ये असायचे. हैबतरावाचे हात वरपर्यंत पोचलेले होते, आमचे हात फक्त जोडण्यापुरते. भादवा संपता संपता माळावर पांढऱ्या फक्कीच्या रेघा पडल्या, आणि कोळणींनी गुपचूप सुकट उचललं. तो दिवस आठवला की अजून माझं डोकं फिरतं.

त्याच आठवड्यात फुलाबाईचा नव्याचा सण आला. यहुद्यांचं नवं वर्ष सुरू होतं तो हा दिवस. त्या दिवशी ही माणसं पाण्यावर जातात, प्रार्थना म्हणतात आणि पदर, सदऱ्याचं टोक पाण्यावर झटकतात. वर्षभराची पापं पाण्याबरोबर गेली असं समजायचं. आळी भरलेली होती तेव्हा सगळा धक्का पांढऱ्या कपड्यांनी भरून जायचा. आता फुलाबाई एकटीच धक्क्यावर उभी होती. हैबतराव मजुरांच्या मुकादमाला, नाथाला, रेघा दाखवत होता आणि मी आपला दात खात बाजूला बसलो होतो.

फुलाबाईची प्रार्थना झाली. पदर झटकून ती वळली तसा हैबतराव म्हणाला, "काय गो फुलाबाय, काय झटकतेस?"

"पापं."

"ह्या वयात कसली पापं गो तुझी?"

"माझी थोडीच हायत. पन आमची सगळी आळी इथंच झटकायची. माझा सासरा, त्याचा बाप, त्याचा बाप. तीस घरांची पापं, दर सालची."

"ती गेली ना पन खाडीत?"

फुलाबाईनं त्याच्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "खाडीत जातात नि भरतीला परत येतात, बाबा. पानी मागं जातं, गाळ इथं बसतो. मी लग्न होऊन आले तवा पानी त्या वडापर्यंत यायचं. मंग हा एवढा माळ कशाचा झाला? तू उभा हायस ना, तिथं माझ्या सासऱ्याची हायत. लई तापट मानूस."

हैबतराव हसला, पण हसता हसता दोन पावलं बाजूला सरकला. फुलाबाई म्हणाली, "तिथं मावससासूची."

नाथानं हातातली फक्कीची पाटी खाली ठेवली. "मंग इथं खनायचं कसं, फुलाबाय?"

"त्याला रीत हाय की," ती म्हणाली. "ज्याला जागा पायजे त्यानं माळावर उभं राहायचं नि चार मानसांत मोठ्यानं बोलायचं, इथली सगळी पापं माझी. येवढं बोलला की पापं त्याच्या अंगावर. मंग खुशाल खना."

"असं कोनाच्या शास्त्रात लिवलंय?" हैबतराव खेकसला.

"आमच्या."

"कोनाला विचारू?"

"विचार की मलाच. आमच्यात आता मीच उरले, तवा शास्त्र पन मीच."

नाथानं ही गोष्ट संध्याकाळपर्यंत तिन्ही आळ्यांत पोचवली आणि दुसऱ्या दिवसापासून माळावर झुंबड उडाली. पाप टाकायला एवढी सोयीची जागा घराजवळ असून आपण आजवर वापरली नाही, याची लोकांना चुटपुट लागली असावी. आधी गुणाजी आला. गावातला एक नंबरचा दारुडा. त्यानं सदरा काढून झटकला, मग बनियन काढलं, आणि पुढं काय काढतो म्हणून बायका पळाल्या. गोदूबाई कोळीण रिकामी पाटी घेऊन आली आणि माळावर उपडी केली. "तराजूची हायत," एवढंच म्हणाली. आमच्या घरातूनही एक पदर गेला. तो इतका वेळ झटकत होता की मला काळजी वाटायला लागली. घरी आल्यावर विचारलं, तर हिनं मलाच उलट विचारलं, "तुम्ही अजून कसे गेला नाय?"

हैबतराव रोज जीपमधून हे बघायचा. नाथानं त्याला स्पष्ट सांगितलं, मजूर कुदळीला हात लावणार नाहीत. ते वाक्य आधी बोला. आणि मजूर सगळे आसपासच्याच गावांचे. त्यांतल्या निम्म्यांनी आपापले सदरे तिथं झटकलेले.

पण हैबतरावही काही दुधखुळा नव्हता. त्यानं भूमिपूजनाला दसरा धरला. एक तर दसऱ्याला मुहूर्त बघावा लागत नाही. दुसरं म्हणजे त्या वर्षी फुलाबाईची दरफाळणी नेमकी त्याच दिवशी होती. नव्याच्या सणानंतर येणारा हा त्यांचा मोठा उपास. त्या दिवशी ती पांढरं लुगडं नेसून, दार लावून आत बसे. पाण्याचा थेंब घेत नसे, बाहेरच्या कुणाशी बोलत नसे. देवापुढं वर्षाचा कबुलीजबाब द्यायचा आणि माफी मागायची. म्हातारी दाराआड असली की गाव गप्प बसेल, असा हैबतरावाचा हिशेब होता.

दसऱ्याला सगळं गाव माळावर हजर. शेट पेणहून गाडी घेऊन आलेला, भटजी बसलेले, कुदळीला झेंडूची माळ घातलेली. मधल्या आळीकडं नजर गेली तर फुलाबाईचं दार बंद. खरं सांगतो, तिच्याशिवाय आमच्यात बोलणारं कोण होतं?

भटजींनी नारळ फोडला. हैबतरावानं कुदळ उचलून नाथापुढं धरली. नाथानं हात मागं बांधले. "आधी ते वाक्य, राव."

"अरे, खुळचट बाईचं बोलनं ते!"

"असंल. मंग बोलायला काय जातंय?"

शेटलाही ते पटलं. "बोलून टाका ना हैबतराव. एक वाक्य तर आहे."

हैबतराव खाकरला. "इथली सगळी..." असं म्हणाला आणि त्यानं समोर पाहिलं. पहिल्याच रांगेत गुणाजी दोन्ही हात जोडून, डोळे भरून उभा होता. "घ्या राव, घ्या. लई उपकार होतील," तो म्हणाला. गोदूबाई मागून ओरडली, "माझी तराजूची हायत, वजनानं कमी भरतील, पन लई हायत!" माळावर हशा पिकला. हैबतरावाच्या कपाळाला घाम आला. त्यानं पुन्हा तोंड उघडलं, तेवढ्यात गर्दीतून त्याची आई, कृष्णाबाई, काठी टेकत पुढं आली.

"हैबत्या," ती म्हणाली, "बोलू नको. माझं पन एक हाय त्यात."

सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. कृष्णाबाई म्हणजे गावातली सोवळी बाई. तिच्या हातचं तीर्थ घ्यायला लोक थांबत.

"तुझं?" हैबतराव म्हणाला. "आये, तुझं काय?"

"ते तुला कशाला? पाप माझं हाय. माझ्या लेकाच्या डोक्यावर जायला नको, म्हनून इथं टाकलंय. तू ते परत उचलून घरात आननार काय?"

हैबतरावानं कुदळ खाली टेकवली. मग वळून शेटला म्हणाला, "शेट, जागा तर तुमचीच व्हनार. तुम्हीच बोला."

शेटनं घड्याळ पाहिलं. मग खाडी पाहिली. मग आम्हा सगळ्यांचे चेहरे एकेक करून पाहिले, आणि हे एवढं सगळं त्या वडापासून पाण्यापर्यंत पसरलंय हे त्याच्या ध्यानात आलं असावं. "आमच्याकडे दसऱ्याला असलं काही बोलत नाहीत," असं म्हणून तो गाडीत बसला. पुढं त्याचं रिसॉर्ट हायवेला खांब गावाजवळ झालं. तिथं तलावही बांधला म्हणतात. चालो बिचाऱ्याचं.

हैबतराव कुदळ खांद्यावर टाकून घरी गेला. आई त्याच्या मागं चालत होती आणि तो दर दहा पावलांवर वळून तिच्याकडं बघत होता. आम्ही मात्र तिथंच सोनं वाटलं. गोदूबाईनं मला आपट्याचं पान दिलं तेव्हा माझे डोळे भरून आले, ते मी लपवलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलाबाईचं दार उघडलं. लहानपणापासून मी तिला आत्या म्हणायचो, तेव्हा मी ओसरीवर हजरच होतो. तिनं माझ्या हातावर घारगे ठेवले आणि मी तिला सगळं तपशीलवार सांगितलं. ती पोट धरून हसली. "फटीतून पन बघितलं नाय रे मी. आवाज तेवढा येत होता. कानांना काय कडी असते?"

हसू ओसरल्यावर मी विचारलं, "आत्या, खरं सांग. पापं माळावर बसतात?"

"खुळा काय तू? पहिल्या ओहोटीला जातात. देव काय असली अडगळ जपून ठेवतो?"

"आनि ती रीत? ते वाक्य?"

"त्या हैबत्याला बघून सुचलं."

"म्हंजे सनाच्या दिवशी, प्रार्थना झाल्या झाल्या, देवाच्या नावावर खोटं बोललीस?"

"व्हय," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम गंभीर झाला. अशी मी तिला एलियासकाका गेला तेव्हाच पाहिली होती. "लहान पाप नाय ते, मोरू. मला ठावं हाय. काल दिवसभर बसून वर्षाचं सगळं काढलं. जेकबला रागानं लिवलेलं, शेजारनीला बोललेलं, सगळ्याची माफी मागितली. ह्या एकाची नाय मागितली."

"का गो आत्या?"

तिनं माळाकडं पाहिलं. कोळणी पुन्हा सुकट पसरत होत्या.

"माफी मागायची तर परत करनार नाय असं देवाला सांगावं लागतं," फुलाबाई म्हणाली. "नि हैबत्या पुढल्या साली परत आला तर?"