गिटारचा मळ

माझ्या गिटारला कुणी हात लावलेला मला खपत नाही. ऑफिसातल्या दोस्तांना हे माहीत होतं आणि त्यावरून ते माझी यथेच्छ टिंगल करत. करेनात का. पहिल्या पगारातून हौसेनं घेतलेली वस्तू होती ती. वडापाव खाल्लेल्या बोटांनी कुणी तारा छेडल्या की माझं डोकं भणाणायचं. हिंजवडीहून कंपनीच्या बसनं हेलपाटत बिबवेवाडीला घरी पोचलो आणि गिटार हातात घेतली की मगच माणसात आल्यासारखं वाटायचं.

त्याच सुमारास बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. जीव वाचला, बोलणंही बऱ्यापैकी सुधारलं, पण डावा हात मांडीवर ठेवला की तिथेच पडून राहायचा. बाबांनी सगळा जन्म पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर काढला होता. पुढे कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं आली, कंपनीनं व्हीआरएसचा, स्वेच्छानिवृत्तीचा कागद पुढे केला, बाबांनी सही केली आणि घरी येऊन बसले. त्याचा राग त्यांनी कधी बोलून दाखवला नाही. माझ्या कॉम्प्युटरवरच्या नोकरीला मात्र अधूनमधून टोमणा असायचा. तुमच्या कामात शिफ्ट संपल्यावर पुसायचं काय असतं, असं त्यांनी एकदा अगदी गंभीरपणे विचारलं होतं. त्यांच्याकडे तसा रिवाजच होता. भोंगा व्हायच्या आधी प्रत्येकानं आपलं मशीन पुसून लख्ख करायचं, पुढच्या पाळीच्या माणसाच्या हातात घाण मशीन द्यायचं नाही.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी त्यांना एक मऊ चेंडू दिला. डाव्या हातानं जमेल तितक्या वेळा दाबायचा. हात परत येणार की नाही हे आता याच काही महिन्यांवर आहे, असं बाईंनी आईला आणि मला जिन्यात गाठून सांगितलं. बाबांनी तो चेंडू उजव्या हातानं उचलून टीव्हीवर ठेवून दिला.

"हा दाबून कुणाचं काय काम होणार आहे?" एवढंच म्हणाले.

आई तो रोज खाली आणून ठेवायची आणि तो रोज परत वर जायचा. मी चिडलो, एकदा ओरडलोसुद्धा. ते टीपॉयवर पेपर पसरून वाचत राहिले. मला भीती वाटत होती. हात जाईल याची तर होतीच, पण त्यांनी मनातून सगळं सोडून दिलंय की काय, याची जास्त होती.

एका रविवारी मी तारा बदलायला बसलो. जुन्या तारा काढल्या की गिटारच्या गळ्यावरची लांब काळसर लाकडी पट्टी उघडी पडते, तिला फ्रेटबोर्ड म्हणतात. तिच्यावर धातूच्या बारीक आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात, त्या फ्रेट्स. बोटांचा घाम आणि मळ नेमका त्या फ्रेट्सच्या कडेला धरून बसतो. वरवर फडकं फिरवून तो निघत नाही. फडकं नखावर गुंडाळून एकेका फ्रेटच्या कडेनं घासत जावं लागतं. मी तेच करत होतो आणि बाबा खुर्चीतून बघत होते.

"असं ठेवतात हत्यार?" ते म्हणाले. "आण इकडे."

दुसऱ्या कुणाला मी दिली नसती. त्यांच्यापुढे टेबलावर गिटार उताणी ठेवली. पण तिचा गळा डुगडुगत होता, तो दाबून धरायला जोर हवा होता आणि जोर उजव्या हातातच होता. म्हणून फडकं डाव्या हातात गेलं. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. अंगठा आणि पहिलं बोट धड मिटत नव्हतं, फडकं सारखं निसटत होतं. मी उचलून द्यायला गेलो तर त्यांनी डोळे वटारले. पहिल्याच फ्रेटला इतका वेळ लागला की आई स्वयंपाकघरातून बघायला आली, आणि परत जाऊन तिनं गॅस बारीक केला. सगळा फ्रेटबोर्ड संपेपर्यंत ते जेवायला उठले नाहीत.

पुढच्या रविवारी मी मोठ्या आशेनं गिटार त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उजेडाकडे वळवून पाहिली, "स्वच्छ आहे" म्हणाले आणि पेपरकडे वळले. जिथे घाण नाही तिथे फडकं मारणं म्हणजे त्यांच्या लेखी कामाचं सोंग. तसा फ्रेटबोर्ड वर्षातून दोन-तीनदा साफ केला तरी पुरतो. पण एवढी वाट बघायला आमच्याकडे वेळ नव्हता.

मग मी जे केलं ते माझ्या दोस्तांना आजही खरं वाटत नाही. मी तेलकट हातांनी गिटार वाजवायला लागलो. शनिवारी संध्याकाळी आई कांदाभजी तळायची. मी ती खायचो आणि हात न धुता सगळ्या फ्रेट्सवरून बोटं फिरवायचो. बोटं घसरायची, नव्या तारा आठवड्यात मेल्यासारख्या वाजायच्या. भज्यांची बशी आई आपण होऊन गिटारशेजारी आणून ठेवायला लागली. रविवारी सकाळी बाबा "काय रे ही अवस्था" म्हणत टेबलाशी बसायचे.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. आधी फडकं निसटायचं थांबलं. मग फ्रेट्सच्या कडा घासायला बाबांनी आईकडून जुना टूथब्रश मागून घेतला. एका सकाळी मी बूट घालत होतो आणि समोर ते उजव्या बाहीचं बटण लावत उभे होते. उजव्या बाहीचं बटण डाव्या हातानंच लावावं लागतं. वेळ बराच लागला, पण लागलं. माझी बस चुकली आणि रिक्षात मी एकटाच वेड्यासारखा हसत होतो. तरी शनिवारची भजी मी सोडली नाहीत. काम थांबलं तर हातही थांबेल, अशी धास्तीच बसली होती मला.

त्यानंतरच्या एका शनिवारी मी शेवटचं भजं तोंडात टाकून गिटारकडे वळलो. बाबा पेपर वाचत होते.

"आधी हात धुऊन ये," ते मान वर न करता म्हणाले.

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"घामाचा मळ काळा निघतो. हा पिवळा निघतो, आणि त्याला भज्यांचा वास येतो."

कधी कळलं, एवढंच मी विचारलं. पहिल्याच आठवड्यात, असं ते म्हणाले. मग इतके दिवस बोलला का नाहीत, असं मी विचारलं.

"तू इतक्या मेहनतीनं घाण करत होतास. मोडता कशाला घालायचा?" त्यांनी पान उलटलं, डाव्या हातानं. "आता धुऊन वाजवत जा. मी तसंही पुसणारच आहे."

मी बाथरूममध्ये गेलो. नळ मोठा सोडला, दोनदा साबण लावला आणि तोंडही धुतलं, कारण मला तसंच बाहेर येता येईना.