शितोळेबाईंचा ठराव क्रमांक सात

सोसायटीत कोणी गेलं की ग्रुपवर कळवायचं काम सेक्रेटरीचं. बारा वर्षं मी ते करतोय, त्यामुळे मजकूर ठरलेला आहे; नाव आणि वेळ तेवढी बदलायची. दीड महिन्यापूर्वी सकाळी शितोळेबाईंच्या मुलीचा हॉस्पिटलमधून फोन आला, "काका, आई गेली." मी तो मजकूर उघडला… आणि बोट पुढे सरकेना. बाई माझ्या नोटिसांना मार्क द्यायच्या. बोर्डावर कागद लागला की तासाभरात कोपऱ्यात लाल बॉलपेनने 'दहापैकी पाच' लिहिलेलं असायचं. माझी मजल कधी साडेसहाच्या पुढे गेली नाही. त्यांच्याच निधनाची बातमी त्या ठरलेल्या मजकुरात घालायची मला लाज वाटली. शेवटी मी एवढंच लिहिलं, 'आपल्या बाई गेल्या.'

बाई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. निवृत्त झाल्या, यजमान गेले, मुलगी बंगळूरला स्थिरावली, पण त्यांचं शिकवणं काही थांबलं नाही; वर्ग तेवढा कोथरूडमधल्या आमच्या चोवीस फ्लॅटच्या सोसायटीत भरायला लागला. चार वर्षांपूर्वी त्यांनी मागची खोली एका परदेशी विद्यार्थ्याला दिली. त्याला इथे जोएल म्हणू या. त्याचं खरं नाव आणि देश लिहीत नाही, कारण त्याची आई अजून तिथेच राहते. पूर्व आफ्रिकेतला हा मुलगा पुण्यात संख्याशास्त्राचं एम.एस्सी. करत होता. बाईंच्या हातचं पिठलं मिटक्या मारत खायचा आणि तळमजल्यावरच्या जगतापकाकांची जुनी स्कूटर रोज सकाळी ढकलून सुरू करून द्यायचा. आमची इमारत उभी आहे ती जमीन मुळात जगतापांची. त्यामुळे कुठल्याही ठरावाला विरोध करणं हा काका आपला हक्क समजतात.

जोएलचं शेवटचं वर्ष चालू असताना त्याच्या देशात नवा कायदा झाला. पुरुषाने पुरुषावर प्रेम केलं तर जन्मठेप. अशा माणसाला खोली भाड्याने देणाराही गुन्हेगार. जोएल त्यातलाच. गावात कोणीतरी त्याचा फोटो नावानिशी फिरवला होता आणि इथला त्याचा व्हिसा जूनमध्ये संपत होता. म्हणजे परत गेला तर विमानतळावरून थेट तुरुंग. त्याने एका थंड देशात आश्रयासाठी अर्ज करायचं ठरवलं. तिथल्या वकीलबाईंनी सांगितलं, तुला ओळखणाऱ्या लोकांची पत्रं आण.

बाई माझ्याकडे आल्या त्या हातात कागद घेऊनच. "वार्षिक सभेत, ऐनवेळच्या विषयांत हा ठराव घ्या. एका म्हातारीच्या पत्राला कोण विचारतं? संस्थेचा कागद हवा. गोल शिक्क्याचा."

ठराव त्या कायद्याच्या निषेधाचा होता. मी म्हणालो, "बाई, परदेशातल्या संसदेचा निषेध करणं आपल्या अखत्यारीत येत नाही."

"गेल्या वर्षी शेजारच्या सोसायटीच्या कबुतरांचा निषेध केलात. ती आपल्या अखत्यारीत होती वाटतं?"

खरं सांगतो, माझी अडचण अखत्यारीची नव्हतीच. हा विषय पार्किंगमध्ये, बायकामुलांसमोर मोठ्याने वाचायचा, याचाच मला संकोच वाटत होता. त्या मुलाचं काय होईल यापेक्षा लोक मला काय म्हणतील याची काळजी मला जास्त होती. आज हे लिहिताना त्याची लाज वाटते.

सभा रविवारी सकाळी. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, थर्मासमधला चहा, आणि मीटरच्या खोलीच्या दारावर बाईंनी टांगलेला शाळेतला जगाचा नकाशा. पाण्याच्या टाकीची सफाई, लिफ्ट, कबुतरं आणि पार्किंगचे पट्टे असे विषय वादावादीसकट उरकले आणि बाई उभ्या राहिल्या. पट्टीने देश दाखवला, कायदा सांगितला. जोएलचं नाव घ्यायचं नाही, असं त्या दोघांचं ठरलं होतं. मग त्या म्हणाल्या, "असा कायदा परवापरवापर्यंत आपल्याकडेही होता. तेव्हा माझ्या वर्गातली एक मुलगी माझ्याकडे येऊन मनातलं सांगू पाहत होती. मी तिला म्हटलं, अभ्यासात लक्ष दे. ती पुन्हा कधी काही बोलली नाही. मला ते अजून टोचतं…"

कोणीतरी विचारलं, "पण हे आत्ता कोणासाठी?"

मागच्या खुर्चीवरून जोएल उठला. बाईंनी हातानेच त्याला बस म्हणून खुणावलं, पण तो बसला नाही. "माझ्यासाठी," तो मराठीत म्हणाला. "मी राहतो दुसरा मजला."

ठरावाला अनुमोदक लागतो, आणि सगळे चहाच्या कपात बघत होते. तेवढ्यात जगतापकाका खाकरले. मी मनात म्हटलं, आटोपलं.

"त्याचं काय हाय ते मला कळत न्हाय," काका म्हणाले. "पर रोज सकाळी माझी गाडी ढकलतंय ते पोरगं. त्याला जेलात घालणार? लिवा माझं नाव."

हात मोजले. ठराव क्रमांक सात अगदी काठावर मंजूर झाला. माझाही हात वर गेला. उशिरा आणि खांद्यापर्यंतच, पण गेला.

बाईंना हवा होता तो ठरावाचा वेगळा टाइप केलेला उतारा. माझ्याच्याने ते दोन आठवडे झालं नाही, आणि शेवटी घाईत मी इतिवृत्ताच्या वहीतलं अख्खं पान झेरॉक्स करून शिक्का मारून दिलं. बाईंनी कागद पाहिला. "दहापैकी चार. मुलाचा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्ही पाण्याची टाकी पाठवताय." पण दिवस उरले नव्हते. त्यांनी त्या सबंध पानाचं इंग्रजी भाषांतर केलं, टाकी आणि कबुतरांसकट.

जोएल गेला. पुढचे सात महिने बाईंनी रोज टपालपेटी उघडून पाहिली, आता सगळं फोनवर कळतं हे माहीत असूनही. मग एका दुपारी त्या स्वतः जिना उतरून आमच्या दारात आल्या. जोएलचा फोन आला होता, त्याला राहायची परवानगी मिळाली होती. मुलाखतीत अधिकाऱ्याने त्या पानावर बोट ठेवून विचारलं होतं, 'हे कबुतरांचं काय आहे?' जोएलने सगळं सांगितलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, 'पत्रं कोणीही लिहून आणतं. पण टाकी आणि लिफ्टच्या खाली, दोन मतांनी कसाबसा मंजूर झालेला ठराव कोणी खोटा कशाला रचेल?'

बाईंनी माझ्याकडून वही मागून घेतली आणि त्या पानाच्या कोपऱ्यात लाल पेनने 'नऊ' लिहिलं. "एक मार्क तुमच्या अक्षरासाठी कापलाय," म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि माझेही.

तो नकाशा मग बाईंनी काढलाच नाही. जगात कुठे असा कायदा रद्द झाल्याची बातमी आली की त्या आपल्या टिकल्यांच्या पाकिटातली एक मरून टिकली त्या देशावर लावायच्या. पोरांना खुर्चीवर चढवून देश शोधायला लावायच्या. आमच्या सोसायटीतल्या पोरांना परीक्षेला नसलेले बरेच देश माहीत आहेत.

गेल्या रविवारी सभा झाली. शोकठराव मी वाचला, मग जोएलने पाठवलेला कागद. त्याच्या इमारतीतल्या भाडेकरूंच्या बैठकीचं ते पान होतं. त्यानेही पान अख्खंच पाठवलं होतं. वर कचऱ्याचे डबे, दारापुढचा बर्फ, हीटरची तक्रार; आणि सातव्या क्रमांकावर, 'पुण्याच्या श्रीमती शितोळे यांच्या निधनाबद्दल ही बैठक दुःख व्यक्त करते.' खाली नऊ सह्या. मी ते पान आमच्या वहीत, बाईंच्या 'नऊ'समोर चिकटवलं.

सभा संपल्यावर जगतापकाका नकाशापाशी रेंगाळले. चष्मा वर करून त्यांनी जोएलचा देश शोधला. "हितं टिकली न्हाय अजून?"

"नाही काका, अजून नाही."

"लागंल. पाकीट जपून ठेवा."

बाईंच्या मुलीने ते मला आधीच आणून दिलं होतं. सोसायटीच्या कपाटात, गोल शिक्क्याशेजारी ठेवलं आहे.